डावा खांदा, पाऊण इंच

अकरा चाळीसला नावांची यादी आली आणि तिच्यात झीशानचं नाव नव्हतं.

आसमाने ती नेहमीसारखी नंबरांवरून वाचत नेली. नावं वाचायची तिला सवय नव्हती. जर्सीच्या पाठीवर नाव म्हणजे तिच्या दृष्टीने अक्षरांची रुंदी. लांब आडनाव असेल तर अक्षरं दाबून बसवायची, आखूड असेल तर मोकळी सोडायची. नऊ, दहा, अकरा, बारा, चौदा. तिची बोटं चौदापर्यंत गेली आणि मागे आली. बारानंतर चौदा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन ओळींमध्ये जागासुद्धा सुटलेली नव्हती; तेरा नंबर कधी नव्हताच अशा थाटात ओळी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. नांदे गावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये छपाईची गरम प्रेस चालू होती, तापलेल्या पॉलिस्टरचा वास नाकात बसला होता, आणि या सगळ्यात आसमाच्या पोटात काहीतरी सैल पडलं. संध्याकाळी प्रेस बंद करतात तेव्हा, दिवसभर कानाला जाणवेनासा झालेला तो घुमणारा आवाज एकदम थांबतो आणि मग कळतं की तो इतका वेळ चालू होता. तसं काहीतरी. ते काय होतं याचा तिने त्या क्षणी विचार केला नाही. त्याच्या मागोमाग धक्का आला, आणि धक्का ओळखीचा असल्यामुळे तिने त्यालाच खरं मानलं.

झीशान मुलाणी, तिचा धाकटा भाऊ, वय सव्वीस, सह्याद्री गवे या संघाचा तेरा नंबरचा खेळाडू. रग्बी लीगमध्ये एका बाजूला तेराजण असतात आणि तेरा नंबरवाल्याचं काम मुख्यतः समोरून येणाऱ्या माणसाला अडवून खाली पाडणं. सहा वेळा पाडलं की चेंडू आपल्याकडे येतो. हे सगळं आसमा त्याच्यामुळे शिकली होती. खेळाडू होण्याआधी तो लवळ्याच्या एका विद्यापीठात हॉस्टेलच्या कँटीनमध्ये तांदळाची पोती वाहायचा. मैदानावर सराव करणाऱ्या मुलांना धडका मारायला एक भरलेलं पोतं हवं होतं आणि ते धरून उभा राहणारा माणूस हवा होता. तो उभा राहिला. पोरं आपटत राहिली आणि हा जागचा हलला नाही. पौडच्या बाजारपेठेत शिलाईचं दुकान असलेल्या अब्बांना, रमजान मास्तरांना, आपला मुलगा कशाचा पगार घेतो हे शेवटपर्यंत नीट उमगलं नव्हतं. मात्र जर्सीवर त्यांचं लक्ष असे. संघाचा पहिला प्रायोजक म्हणजे ऑनलाइन पैसे लावून पत्ते खेळवणारी कंपनी होती. तिचं नाव झीशानच्या छातीवर दोनशे चाळीस मिलिमीटर रुंद पसरलेलं. अब्बा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. फक्त अम्मीने धुऊन दिलेली जर्सी दोरीवर टाकायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि ते ती दरवेळी उलटी करून वाळत घालायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतली शिलाई दिसायची, दिसली तर. आसमाचीच शिलाई होती ती.

मग कायदा आला, पैसे लावायचे ते खेळ बंद झाले, आणि कंपनीने आठवड्याभरात जर्सीवरून हात काढून घेतला. दोन महिने संघाची छाती रिकामी होती. छाती, बाही, पाठीवर नंबराच्या खालची पट्टी, चड्डीची मागची बाजू, अंगावरची प्रत्येक जागा वेगवेगळी विकली जाते आणि छाती सगळ्यात महाग. ती रिकामी राहिली म्हणजे संघ लहान करणार, अशी बातमी छापून आली होती. आता वज्रधारा नावाची पाइपांची कंपनी आली होती. कपड्यांचा करार दुसऱ्याच एका मोठ्या नावाशी होता. त्यांचं चिन्ह उजव्या छातीवर असायचं, आणि जिथे जर्सी खरोखर शिवली जायची त्या नांद्याच्या शेडचं नाव कुठेच नसायचं. सीझनची जर्सी जाहीर होईपर्यंत कामगारांनी फोन गेटवरच्या ट्रेमध्ये ठेवायचे, आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, असा कागद सगळ्यांनी सही करून दिला होता. आसमाने बारा वर्षांत तो कधी मोडला नव्हता.

तिने यादी मोजली. बावीस नावं. संघात सव्वीसजण असायचे. म्हणजे चौघे कमी केले, ती मनात म्हणाली, आणि छापून आलेली बातमी तिला आठवली, आणि एकदा आठवल्यावर ती पक्की झाली. यादीच्या तळाशी बारीक अक्षरात कपड्याचा कोड होता, तो असतोच. तिने पडदा खाली सरकवला, कोडापर्यंत आली, आणि पुन्हा वर नेला.

आजच ही यादी यावी हे वाईट होतं. आज चार वाजेपर्यंत झीशानला लवळ्याला कळवायचं होतं. त्याच विद्यापीठात, जिथे त्याने पोती वाहिली, तिथे खेळ शिकवणाऱ्याची कायमची जागा त्याला देऊ केली होती. लीग खेळायची असेल तर नोकरी नाही, नोकरी करायची तर लीग नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. झीशान नाही म्हणायला निघाला होता. सकाळी चहा पिताना तो म्हणाला होता, "शिट्टी फुकायला आयुष्य पडलंय, आपा. पळायला न्हाई." आणि तिने त्याच्या पुढ्यात दुसरा पाव ठेवला होता.

जेवणाच्या सुट्टीत ती गेटवर गेली. तिचा फोन ट्रेमध्ये होता, पण सुट्टीत तो घेतला तर रजिस्टरला नोंद होते. कोंडाजी वॉचमन खुर्चीवर बसून डब्यातली चटणी बोटाने चाटत होता. "मामा, तुमचा फोन द्या जरा. घरी गॅस चालू राहिलाय वाटतं." खोटं इतक्या सहज आलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. कोंडाजीने शर्टाला बोट पुसून फोन काढला. "बोल की. पर घाई कर, बॅटरी माज्यावानी हाय, कवा बसंल नेम न्हाई."

"कोण?" झीशानचा आवाज रस्त्यावरचा होता.

"मी. ऐक. लवळ्याला जा आन् सही कर."

"परत तेच? न्हाई म्हनून सांगायलाच निगालोय मी."

"यादी आलीया."

तिकडे कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं, तिचं टिंगटिंग ऐकू येत राहिलं. ते थांबल्यावर तो म्हणाला, "तेरा?"

"बारानंतर चौदा हाय."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. तो भांडेल, चिडेल, दोनदा तीनदा विचारेल, असं तिने गृहीत धरलं होतं. त्यासाठी तिच्याकडे वाक्यं तयार होती. ती तशीच राहिली. "एवड्यात झालं?" कोंडाजी म्हणाला. "आमच्याकडं फोन लागला की नुसत्या वांग्यावर अर्धा घंटा जातो." ती हसली. तिने फोन त्याच्या हातात दिला आणि आत गेली.

दुपारभर तिने जर्सीच्या छातीवर पाइपांचं नाव बसवलं. नव्या कंपनीच्या सूचनांचा कागद अठरा पानी होता. नाव कुठल्याही शिवणीवरून जाता कामा नये. गळ्यापासून नव्वद मिलिमीटर खाली. खेळाडू सरळ उभा असताना नावाची रेघ जमिनीला समांतर. या शेवटच्या ओळीपाशी ती नेहमी थांबायची. दोन वर्षांपूर्वी झीशानचं डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड, कॉलरबोन, मोडलं. सांधलं, तो पुन्हा खेळायला लागला, संघाच्या डॉक्टरने कागदावर सही केली. त्यानंतरच्या पहिल्या फोटोला प्रायोजकाची माणसं आली होती, आणि दोन दिवसांनी तेरा नंबरची जर्सी परत आली. सोबत चिठ्ठी: नाव तिरकं, शिलाई वाकडी. आसमाने जर्सी टेबलावर पसरून चारही बाजूंनी पट्टी लावली. शिलाई केसाइतकीही वाकडी नव्हती. त्या संध्याकाळी तिने झीशानला भिंतीला टेकून उभं केलं आणि टेप लावला. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. अंगच उतरलं होतं, म्हणून नाव उतरलं होतं.

अब्बांच्या दुकानात याला इलाज होता. खांद्यावर नांगर वाहिलेले, डोक्यावर हारे वाहिलेले, एका काखेत कोकरू धरून रानं पालथी घातलेले, सगळ्या प्रकारचे उतरलेले खांदे अब्बांकडे यायचे. ज्या बाजूचा खांदा खाली, त्या बाजूला शिवणीत तेवढं जास्त घ्यायचं. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. सदरा घालून आरशात पाहिल्यावर माणसाला आपण सरळ दिसतो, आणि तो खूश होऊन जातो. आसमाने तेच केलं. डाव्या खांद्याच्या शिवणीत अर्धा इंच जास्त दाबला, आणि पुढच्या फोटोत पत्त्यांच्या कंपनीचं नाव जमिनीला समांतर आलं. जर्सी परत आली नाही. दोन सीझन तिने तेरा नंबर दुसऱ्या कुणाला शिवू दिला नाही. तिला तेव्हा हे मायेचं काम वाटलं होतं. कधी कधी, प्रेसचं झाकण उघडताना तोंडावर वाफ आली की, वेगळंही वाटायचं.

गेल्या शुक्रवारी तिने त्याला पुन्हा मोजलं होतं. तो टेपकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "वाढलोय का घटलोय, सांग." तिने सांगितलं, "हायेस तेवढाच." पाऊण इंच झालं होतं. मग त्याला फळीवरचा पिठाचा डबा काढायला सांगितला. डबा त्याच्या डाव्या हाताला होता. तो अंगाने पूर्ण वळला, उजवा हात वर केला आणि डबा काढला. वळण्यात काही विशेष नव्हतं. फक्त ते इतकं सरावाचं होतं की त्याला स्वतःला ते कळलंही नसावं. त्या रात्री तिने चपात्या लाटताना तीन वेळा पीठ जास्त घेतलं.

चार वाजून गेले. घड्याळाकडे तिने पाहिलं नाही, पण चार वाजून गेल्याचं तिला मानेत कळलं. आता त्याने सही केली असेल. सुरक्षित, हा शब्द तिच्या मनात आला, आणि ती मान खाली घालून काम करत राहिली.

पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना ऑर्डरी सांभाळणारी उज्वला वरून खाली आली. उज्वला शेजारच्या चांदे गावची, धनगराच्या घरातली. अजून तिच्या बापाची मेंढरं सोसायट्यांच्या मधल्या मोकळ्या प्लॉटांवर चरायची आणि ती स्वतः दिवसभर इंग्रजीत मेल लिहायची. "आसमाताई, ही टीमची यादी. सव्वीस नावं, कपडा नेहमीचा घट्टवाला. उद्यापासून शिवायला घे."

"टीमची सकाळी आली ना."

"सकाळची दुकानाची होती गं. लोकांना विकायची. पाइपवाल्यांना दिवाळीच्या आधी माल दुकानात हवाय, म्हणून या वर्षी ती आधी पाठवली. दरवर्षी टीमची आधी येते, मला माहितीये, पण आता त्यांचा पैसा, त्यांची घाई. कोड बघितला नाहीस का? खाली लिहिलेला असतो." मग उज्वला हसली. "तुला वाटलं काय, भाऊ गेला? अगं, दुकानाच्या यादीत त्याचं नाव कुठून येणार ताई? धावत जाऊन चेंडू टेकवणाऱ्याचं नाव खपतं. पाडणाऱ्याचं नाव पाठीवर कोण घेतंय? माझ्या पोरानेसुद्धा कडेने पळणाऱ्या विंगरचंच मागितलंय."

आसमाने कागद घेतला. बारा. तेरा, मुलाणी, इंग्रजीत सहा अक्षरं, मोकळी सोडायची. चौदा. उज्वला आणखी काहीतरी बोलली आणि गेली. आसमा सकाळच्या यादीकडे परत गेली आणि तळाशी आली. कोड तिथेच होता. दुकानात विकायच्या ढिल्या कपड्याचा कोड तिला झोपेतही ओळखता आला असता. त्याचे हजारो वार तिच्या हाताखालून गेले होते. सकाळी तो डोळ्यांसमोर आला होता आणि तिने पडदा वर नेला होता. बावीस नावं होती, सव्वीस नव्हती, आणि तिने त्याचंही कारण शोधून दिलं होतं. उज्वला जिन्याने वीस पायऱ्यांवर बसते. विचारायला एक मिनिट लागलं नसतं. तिला आता पोटात सैल पडलेलं ते आठवलं, सकाळचं, धक्क्याच्याही आधीचं. ती सुटका होती. तिला त्याचं नाव तिथे नको होतं, आणि नाही असं दिसताच तिने घाईघाईने ते खरं करून टाकलं होतं. दोन वर्षं खांदा झाकला तिनेच, आणि आज त्याला खेळातून काढलंही तिनेच. मधल्या मध्ये झीशानला कुणी काही विचारलं नव्हतं. ती उठली, घट्ट कपड्याचे तेरा नंबरचे तुकडे कापून घेतले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. डाव्या खांद्याला किती कापायचं तिथे कात्री थांबली. तिने नेहमीच्या मापाला कापून वर जास्तीच्या कपड्याची माया ठेवली, अब्बा ठेवायचे तशी, गिऱ्हाइकाचं मन अजून ठरलेलं नसलं की.

सहाला गेटबाहेर झीशान बाइकवर बसला होता. अंगात नवा पांढरा टी-शर्ट, छातीवर विद्यापीठाचं नाव, गळ्यात शिट्टी. कोंडाजी त्याच्याभोवती फिरून बघत होता. "मास्तर झालास म्हन की लेका! आता पोरांना पळव आन् तू सावलीत बस." झीशान हसला. "सही केली, आपा," तो म्हणाला. "हातोहात टी-शर्टच दिला. एक तारखेपासून." आसमाने त्याच्या छातीकडे पाहिलं. विद्यापीठाच्या नावाची रेघ त्याच्या डाव्या खांद्याकडे उतरत गेली होती. शेवटचं अक्षर पहिल्यापेक्षा बोटभर खाली होतं.

ती बाइकवर बसली नाही. "थोडं चालू," म्हणाली. तो बाइक ढकलत तिच्यासोबत चालायला लागला. कोंडाजीच्या कानाच्या टप्प्याबाहेर गेल्यावर तिने सांगितलं. "सकाळची यादी दुकानाची व्हती. टीमची आत्ता आली. तू हायेस. तेरा."

त्याने बाइक उभी केली. हँडलवरचा आरसा नीट केला. "नीट बघितलंस म्हनालीस."

"कोड खाली लिवला व्हता. वाचला न्हाई मी. उज्वलाला इचारता आलं असतं. न्हाई इचारलं."

"का?"

चांद्याकडून मेंढरं आली, रस्ता भरून. पाठीवर लाल रंगाची बोटं ओढलेली, प्रत्येकाच्या मालकाची खूण. ती दोघांच्या आणि बाइकच्या आजूबाजूने गेली, एकमेकांच्या अंगावर चढत, आणि मागे एका आयटीवाल्याची गाडी हॉर्न वाजवत राहिली. सगळी जाईपर्यंत बोलता येण्यासारखं नव्हतं. 

"शुक्रवारी पिठाचा डबा तू उजव्या हातानं काढलास," ती म्हणाली.

झीशानने डाव्या हाताकडे पाहिलं, तो दुसऱ्या कुणाचा असावा असं. "मोजलं व्हतंस तवा. किती?"

"पाऊण."

"आन् आदी?"

"अर्धा. दोन साल. शिवनीत घेत व्हते मी, नाव सरळ दिसावं म्हनून."

तो हसला, पण आवाज आला नाही. "म्हंजे डॉक्टरला म्हाईत न्हाई, कोचला म्हाईत न्हाई. मला वाटत व्हतं मलाच एकट्याला म्हाईत हाय." त्याने शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. "मी बी सांगत नव्हतो तुला. रात्री कूस बदलता येत न्हाई, हे सांगितलं का तुला? मला वाटलं, जर्सी सरळ बसतीया, म्हंजे तेवडं काय नसंल. आरशात बघायचो ना, आपा. सरळ दिसायचो."

आरशात बघून खूश होऊन गेलेली अब्बांची सगळी गिऱ्हाइकं तिच्या डोळ्यांसमोर एकेक करून दुकानाची पायरी उतरली.

"शिवलीस का औंदाची?"

"कापलीया. माया ठेवलीया."

"मग सारखी शीव. दोन्ही खांदे सारखे."

"नाव तिरकं येईल. फोटोत दिसंल."

"दिसू दे की. सव्वीसला फोटो हाय, एक तारखेला नोकरीवर हजर व्हायच्या आदी. खांदा कुनी बघत न्हाई. पर पाइपांचं नाव बोटभर खाली आलं की बघ, समदे पळत येतील. डॉक्टरसकट." त्याने बाइकला किक मारली. "मग ते काय म्हनत्यात ते मी ऐकीन. माज्या कानानं. तू न्हाई ठरवायचं, मी बी न्हाई. बस आता."

ती मागे बसली. आधाराला तिचा हात त्याच्या डाव्या खांद्याकडे जात होता, तो तिने उजव्यावर ठेवला. "डाव्यावर ठेव," तो पुढे बघत म्हणाला. "एवडा काय मोडला न्हाई." तिने ठेवला. रस्ता खराब होता आणि प्रत्येक खड्ड्याला तळहाताखाली हाडाची गाठ जाणवत होती. दोन वर्षांत तिने तो खांदा टेपने मोजला होता, हाताने कधी चाचपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तेरा नंबर शिवायला घेतला. दोन्ही खांद्यांना सारखंच दाबलं. हात दोनदा सवयीने डावीकडे जास्त घ्यायला गेला आणि दोनदा तिने टाके उसवले. शिवून झाल्यावर जर्सी लाकडी पुतळ्यावर चढवली. पुतळ्याचे खांदे सारखे होते, आणि पाइपांच्या कंपनीचं नाव गळ्यापासून नव्वद मिलिमीटरवर, काठावर धरलेल्या पट्टीसारखं सरळ होतं. तिने घडी घातली, पिशवीत भरली, वर तेरा लिहिलं. पिशवीसोबत तपासणीची चिठ्ठी जाते. तिच्यात शेऱ्याचा एक रकाना असतो, तो बारा वर्षं ती रिकामा सोडत आली होती. आज तिने पेन घेऊन त्यात लिहिलं, शिलाई सरळ आहे, आणि खाली आपलं नाव पूर्ण लिहिलं.